थिजलेले तेल आणि फुसका बार

वैशाखाचा वणवा सुरू झाला असताना थंडीविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे विपरीतच आहे. परंतु वसंत व्याख्यानमालेचा श्रोता चोखंदळ असला तरी उदार असतो, या भरवशावर आम्ही आज एका दूरच्या देशातील, दूरच्या ऋतूतील आणि दिसावयास अगदी क्षुल्लक अशा प्रश्नाचा इतिहास आपणांपुढे मांडीत आहो. प्रश्न असा की, उन्हाळाभर निमूटपणे चालणारी जुनी रिमफायर रायफल कडाक्याच्या थंडीत तीन काडतुसांमागे एक फुसके का सोडते, आणि तिला पुन्हा चालती कशी करावयाची?

आमची हयात कामगार चळवळीत गेली. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा बंदुकीशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे तो असा. यंत्र बंद पडले की ‘ते का बंद पडले’ हे आधी कोणी विचारीत नाही. ‘पाळीवर कोण होते’ हे आधी विचारतात. हा दुसरा प्रश्न मागे सारून पहिला पुढे आणणे, हेच आम्ही आजवर करीत आलो. चाप ओढल्यावर बार झाला नाही म्हणजे तेथेही हेच घडते. शिकारी काडतुसाला शिव्या देतो, काडतूसवाला बंदुकीकडे बोट दाखवितो, बंदूकवाला शिकाऱ्याच्या हाताकडे पाहतो. आणि खरा गुन्हेगार, म्हणजे बंदुकीच्या पोटात थिजून बसलेले दोन थेंब तेल, नामानिराळा राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बंदुकीचा सारा इतिहास हा एका दृष्टीने ठिणगीचा इतिहास आहे. दारू आहे, गोळी आहे, नळी आहे. पण वेळेवर ठिणगी पडली नाही तर ही सारी सामग्री म्हणजे नुसते लोखंडी दांडके. आपल्याकडे शिवकालात जी तोड्याची बंदूक चाले तिच्यात जळता तोडा रंजकेला लावावा लागे. पाऊस आला की तोडा विझे आणि रंजक भिजे. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडीत. पण तिलाही दमट हवा सोसत नसे. म्हणजे शत्रू कोणीही असो, हवामान हा बंदुकीचा कायमचा शत्रू होता.

१८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पदार्थ विस्तवाची वाट पाहत नाही; नुसत्या ठोक्याने भडकतो. अशा आघाताने पेटणाऱ्या मसाल्यांचा बंदुकीसाठी उपयोग करण्याची युक्ती एका पाद्र्याला सुचली. स्कॉटलंडातील बेल्हेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ हे पाखरांच्या शिकारीचे शौकीन होते. चकमकीचा भपका दिसला की गोळी पोचण्यापूर्वी पाखरे सावध होत, हे त्यांचे दुखणे. त्यांनी १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या चापाचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली. टोपीत मसाला आणि टोपीवर घोड्याचा ठोका. आता पावसाची भीती पुष्कळच कमी झाली.

यानंतरचे पाऊल फ्रान्समध्ये पडले. पॅरिसचा बंदूक-कारागीर फ्लोबेर याने १८४५च्या सुमारास या टोपीच्याच तोंडात बारीक गोळी बसविली. निराळी दारू नाही, काही नाही. टोपीतील मसालाच गोळीला ढकलणार. दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळण्यापुरती ही करामत होती. परंतु १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या जोडीने ती पुंगळी थोडी लांब केली, तिच्यात दारू भरली, आणि मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत ठेवला. कडेला इंग्रजीत रिम म्हणतात. त्यावरून या काडतुसाचे नाव रिमफायर पडले. पॉइंट बावीस शॉर्ट म्हणतात ते काडतूस हेच. ते आजही बनते. एवढे दीर्घायुष्य फार थोड्या काडतुसांच्या वाट्याला आले असेल.

या काडतुसाची रचना नीट ध्यानात घेतल्यावाचून थंडीचे कोडे सुटणार नाही, म्हणून श्रोत्यांनी क्षणभर कारखान्यात यावे. पातळ पत्र्याची एक पुंगळी असते. तिचे बूड दाबून बाहेर काढलेली कड ताटाच्या काठासारखी दिसते. फरक इतकाच की ही कड आतून पोकळ असते. पुंगळीत ओल्या मसाल्याचा चिमूटभर गोळा टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवितात. फिरत्या चाकावरचा चिखल जसा बाहेर फेकला जातो तसा मसाला कडेच्या पोकळीत जाऊन बसतो. तो वाळला की वर दारू भरतात आणि गोळी बसवितात. ओला असताना हा मसाला त्यामानाने शांत असतो. वाळला की कोपिष्ट होतो. यामुळेच तो ओला हाताळतात. हे काम करणाऱ्याचा जीव या ओल्या-वाळल्याच्या फरकावर अवलंबून असतो.

आता बार कसा होतो ते पाहू. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने फायरिंग पिन पुढे झेपावते आणि काडतुसाच्या कडेवर आपटते. कडेच्या दुसऱ्या बाजूस नळीचा काठ असतो. पिन हा घण, नळीचा काठ ही ऐरण. दोहोंच्या मध्ये कड चेचली गेली तरच आतला मसाला चिरडून पेटतो. घण हलका पडला, ऐरण झिजली, किंवा घण व ऐरण यांत अंतर राहिले, तर कड नुसती पोचते आणि बार फुसका जातो. शिवाय पिन कडेच्या एकाच ठिकाणी आपटते. नेमक्या त्याच ठिकाणी मसाला पोचला नसेल तर बंदूक कितीही चांगली असली तरी काही उपयोग नाही.

हे वैगुण्य जुन्या कारागिरांना ठाऊक होते. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली पेटंट घेतलेली रायफल पॉइंट चव्वेचाळीसच्या रिमफायर काडतुसावर चाले, आणि तिची पिन कडेवर समोरासमोरच्या दोन ठिकाणी आपटे. एका ठिकाणी मसाला नसला तर दुसऱ्या ठिकाणी असेल, हा साधा हिशेब. स्वित्झर्लंडने १८६९ साली जी वेटर्ली रायफल सैन्याला दिली तीही रिमफायरच होती, नळी १०.४ मिलिमीटरची, आणि तिच्याही ठोक्याला दोन टोके होती. आल्प्स पर्वताच्या बर्फात राहणाऱ्या लोकांनी एका टोकावर भरवसा ठेवला नाही, यात त्यांचे शहाणपण दिसते.

पण मोठ्या रिमफायरचे दिवस थोडेच होते. पिनच्या ठोक्याने चेचली जावी म्हणून कड पातळ ठेवावी लागते. आणि कड पातळ ठेवली तर भारी दारूचा दाब ती सोसू शकत नाही. ही दुहेरी अडचण काही केल्या सुटेना. १८६६च्या सुमारास इंग्लंडात बॉक्सर व अमेरिकेत बर्डन यांनी बुडाच्या मध्यभागी टोपी बसविण्याच्या पद्धती काढल्या, आणि सैन्यांनी तो मार्ग धरला. स्वित्झर्लंडनेही १८८९ साली नवी रायफल घेऊन वेटर्लीला निरोप दिला. रिमफायर उरले ते लहान काडतुसांत. १८८७ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीकडून पॉइंट बावीस लाँग रायफल हे काडतूस आले आणि त्याने जग व्यापले. आपल्याकडे एन.सी.सी.मध्ये ज्यांनी खांद्याला पॉइंट बावीस लावली असेल त्यांनी रिमफायरच झाडली आहे. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेचा तिकीट तपासनीस, याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत ब्राँझ पदक मिळविले, तेही याच रिमफायर काडतुसावर.

मात्र नेमबाजाचे एक काडतूस फुसके निघाले तर त्याला फार तर पदक मिळणार नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात फासे लावून उपजीविका करणाऱ्या माणसाचे तसे नाही. तेथे पॉइंट बावीस हे चुलीचे साधन होते. काडतूस स्वस्त, बंदूक हलकी, ससा-पाखरू मारले तर मांस फुकट जात नाही. अशा गरिबांसाठी बंदुका करणारा एक कारखाना होता. हर्बर्ट कूई नावाच्या यंत्रकारागिराने विसाव्या शतकाच्या आरंभी टोरांटोत तो काढला आणि १९२९ साली ओंटारिओतील कोबर्ग गावी नेला. त्याच्या एकबारी रायफली म्हणजे साधेपणाची कमाल. कितीतरी नमुन्यांत काडतूस घालून बोल्ट मिटावयाचा आणि मागची घुंडी हाताने ओढून घोडा चढवावयाचा, इतकेच. १९६१ साली तो कारखाना विंचेस्टरवाल्या ऑलिन कंपनीने घेतला, १९७९ साली तो बंद पडला, आणि कोबर्गच्या कामगारांची पिढी घरी बसली. परंतु त्यांनी केलेल्या बंदुका अजून शेतघरांच्या दाराआड उभ्या असतात.

या बंदुकीवर काय अवलंबून असे याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मे १९५३ मध्ये आल्बर्टा प्रांतात स्लेव्ह लेकजवळ बेला ट्विन नावाची क्री जमातीची स्त्री आपल्या सोबत्याबरोबर रानवाटेने चालली होती. समोर भलेथोरले ग्रिझली अस्वल आले. वाट टळेना, तेव्हा तिने हातातील एकबारी कूई रायफलीतून बार काढला. काडतूस पॉइंट बावीस लाँगचे. अस्वल पडले, त्याची कवटी त्या काळच्या नोंदींत सर्वांत मोठी ठरली. कोणी या गोष्टीचा धडा ‘लहान बंदुकीने मोठे जनावर मारावे’ असा घेईल तर तो वेडेपणा होईल. एकबारी बंदुकीत पहिला बार फुसका गेला असता तर दुसरा भरण्यास किती सवड मिळाली असती, एवढाच विचार करावा. फुसक्या बाराची किंमत काय असते ते मग कळते.

तर थंडी या बंदुकीचे करते काय? पुष्कळांची समजूत अशी की थंडीने मसालाच गारठतो. थंडीने दारू किंचित मंदावते व गोळीचा वेग थोडा कमी होतो, हे खरे; परंतु चांगला, कोरडा मसाला पुरेसा ठोका बसला तर कडक थंडीतही पेटतो. दोष बहुधा ठोक्यात असतो. आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. पौषातल्या पहाटे खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. ती उन्हात ठेवावी लागते. जेथे पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश उतरतो, तेथे बंदुकीच्या वंगणाचे काय होत असेल? ज्या तेलाने पिन सुळकन् पुढे जावी तेच तेल तिला चिखलात रुतल्यासारखे धरून ठेवते. स्प्रिंगचा निम्मा जोर तेल फाडण्यात खर्च होतो आणि काडतुसापर्यंत पोचतो तो उरलासुरला.

डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्याला हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. त्यांच्या बंदुका रिमफायर नव्हत्या, पण थिजलेले वंगण बंदुकीची जात विचारीत नाही. यंत्र उत्तम, माणूस कवायती, आणि मध्ये तेल गोठलेले. बर्लिनमध्ये बसून ज्यांनी हिवाळ्यापूर्वी युद्ध संपेल असे गृहीत धरले, त्यांच्या हातांना त्या रात्री बर्फ लागले नाही. खंदकातल्यांच्या हातांना लागले.

दुसरा अपराधी ओल. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसा बाहेरून आणलेल्या गारठलेल्या बंदुकीला उबदार घरात घाम फुटतो. हे पाणी बोल्टच्या आत शिरते. सकाळी शिकारी पुन्हा बाहेर पडला की त्याचे बर्फ होते, आणि पिन जागच्या जागी जखडते. तिसरा अपराधी मेण. पॉइंट बावीसच्या गोळीवर बाहेरून मेणाचा किंवा चरबीचा हात दिलेला असतो. त्याचा आणि जळक्या दारूचा थर नळीच्या मुखाशी साचतो. थंडीत तो घट्ट होतो आणि काडतूस पुरते आत बसू देत नाही. पिनचा ठोका बसतो खरा, पण त्याचा जोर काडतुसाला आत ढकलण्यातच संपतो. कड चेचली जात नाही.

यावर बंदुकीचे म्हातारपण. स्प्रिंग दमलेली. पिनचे टोक झिजून गोल झालेले. पोरांनी रिकामी बंदूक खटखट वाजवून पिनने नळीच्या काठावर खळगा पाडलेला. म्हणजे नेमक्या ठोक्याच्या जागी ऐरणच नाही. काडतुसाची कड सुमारे एक मिलिमीटर जाडीची. बोल्ट झिजून तेथील फट जास्त झाली तर कड मध्ये सैल राहते. जुन्या काळच्या क्लोरेटमिश्रित मसाल्याच्या जळण्यातून मिठाच्या जातीचा क्षार उरे. तो हवेतील ओल ओढून नळीला गंज चढवी. १९२०च्या दशकापासून न गंजविणारे मसाले आले, पण त्याआधी खाल्लेले लोखंड परत येत नाही.

आता हे सगळे एकत्र मांडून पाहू. म्हाताऱ्या बंदुकीत ठोक्याचा जोर मुळातच काठावर पास होण्याइतका असतो. उन्हाळ्यात तो कसाबसा पुरतो. थंडी आली की तेल थोडा जोर खाते, मेण थोडा खाते, आणि हिशेबात तूट येते. म्हणजे थंडीने दोष निर्माण केला असे नव्हे. वर्षानुवर्षे झाकून राहिलेला दोष तिने उघडा पाडला. आमच्या अनुभवात संस्थांचे आणि कारखान्यांचेही असेच असते. मोडकळीस आलेली व्यवस्था बऱ्या दिवसांत चालून जाते. अडचणीचा पहिला दिवस उजाडला की ती कोसळते, आणि त्या दिवशी जो कामावर असेल त्याच्या माथी खापर फुटते.

मग उपाय काय? आपल्याकडे म्हण आहे, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. अडाणी माणूस बार फुसका गेला की पहिल्याने काय करतो? बंदुकीत आणखी तेल ओततो. रोगावर रोगाचाच डोस! शहाणा माणूस आधी पुरावा पाहतो, आणि पुरावा त्याच्या तळहातावर असतो: ते न उडालेले काडतूस. मात्र ते काढण्याची घाई करू नये. कधी कधी मसाला धुमसत राहून बार उशिरा होतो. म्हणून नळी मोकळ्या दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. इतिहासात या अर्ध्या मिनिटाच्या उतावीळपणाने गेलेली बोटे थोडी नाहीत.

काडतूस हाती आले की कडेवरील खूण पाहावी. खूण खोल व स्वच्छ असेल तर ठोका बरोबर होता, दोष काडतुसाचा. तेथे मसाला पोचला नसावा किंवा ओल लागली असावी. खूण उथळ असेल तर ठोका दुबळा. मग थंडीत आणि उबेत अशी दोन्ही वेळा, एकाच पेटीतील काडतुसांच्या खुणा ताडून पाहाव्यात. उबेत खोल आणि थंडीत उथळ, तर तेल आणि ओल यांवाचून दुसऱ्यावर संशय घेण्याचे कारण नाही. दोन्हीकडे उथळ, तर स्प्रिंग आणि पिन पाहावी. खूण बरी दिसते पण बार होत नाही आणि नव्या पेटीतही तेच, तर नळीचा काठ, तेथला खळगा आणि बोल्टची फट पाहावी. आमच्या चळवळीत याला चौकशी म्हणतात. आणि चौकशी ही शिक्षेच्या आधी करावयाची असते.

कारागिरांचा क्रमही असाच स्वस्ताकडून महागाकडे जातो. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री. मग बोल्ट काढून त्याच्या पोटातील जुने, चिकट, तपकिरी झालेले वंगण रॉकेलने किंवा तशाच पातळ द्रवाने धुवावयाचे. पिनचे बीळ आणि स्प्रिंगचे वेढे स्वच्छ करून पुरते वाळू द्यावयाचे. नळीच्या मुखाशी साचलेला मेणाचा थर ब्रशाने काढावयाचा. मग पुन्हा तेल? नाही. कडक थंडीत पिन कोरडीच ठेवतात, किंवा शिसपेन्सिलीच्या गाभ्यातील ग्राफाइटची पूड नावापुरती चोळतात, कारण पूड थिजत नाही. दहांपैकी बहुतेक दुखणी येथेच संपतात, आणि खर्च होतो तो चिंधी व वाटीभर रॉकेलाचा. एवढ्याने भागले नाही तरच नवी स्प्रिंग, मग नवी पिन, आणि सर्वांत शेवटी खळगा पडलेला काठ सारखा करण्याचे नाजूक काम. आपल्या देशात १९५९चा शस्त्र कायदा आहे. तेव्हा परवान्याची बंदूक असली तरी असली दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ओलीवरचा उपाय मात्र कोणत्या कारखान्याने शोधलेला नाही. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकारी आपली बंदूक उबदार घरात आणीत नाहीत. ती बाहेर थंडीतच ठेवतात, म्हणजे तिला घामही फुटत नाही आणि बर्फही धरत नाही. पाहा, बंदूक विकणारा सांगेल की मौल्यवान वस्तू घरात जपून ठेवा. आणि जो तिच्यावर पोट भरतो तो सांगतो की बाहेर ठेवा. हत्याराचे खरे ज्ञान हत्यार वापरणाऱ्या हातात साठते, हे आम्ही नेहमी सांगतो ते उगाच नव्हे. व्यवस्थापनाच्या बैठकीत या हाताला खुर्ची नसते, एवढीच काय ती अडचण.

वापरणारे हात झाले. आता घडविणाऱ्या हातांविषयी थोडे. काडतूस फुसके निघाले म्हणजे ‘भरणाऱ्याने हयगय केली’ असे सहज म्हटले जाते. हे भरणारे कोण होते? अमेरिकन यादवीत १७ सप्टेंबर १८६२ रोजी पिट्सबर्ग येथील ॲलेघेनी शस्त्रागारात स्फोट झाला. तेथे कागदी काडतुसे भरीत, रिमफायर नव्हेत. ७८ जीव गेले. बहुतेक सगळ्या तरुण स्त्रिया आणि मुली. रस्त्यावर सांडलेल्या दारूवर घोड्याच्या नालेची किंवा गाडीच्या लोखंडी धावेची ठिणगी पडली असावी, असा तर्क चौकशीत पुढे आला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी हयगयीचा ठपका अधिकाऱ्यांवर ठेवला. मागाहून लष्करी चौकशी बसली आणि तिने प्रमुख अधिकाऱ्याला दोषमुक्त केले. त्याच दिवशी अँटिएटमची भयंकर लढाई झाल्यामुळे देशाचे लक्ष तिकडे होते. या मुलींकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आपल्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली निघाला; स्वित्झर्लंडने वेटर्ली रायफल घेतली तेच साल. दीडशे वर्षे तेथे पिढ्यान् पिढ्या माणसे मसाला आणि दारू हाताळीत आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले, त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेला. पाटी बदलली, मसाल्याचा स्वभाव बदलला नाही. तो आजही ओला असताना शांत आणि वाळल्यावर कोपिष्टच आहे, आणि त्याच्या जवळ उभे राहणारे माणूस आजही माणूसच आहे. या माणसाच्या डुलकीवर बोट ठेवण्यापूर्वी त्याच्या पाळीचे तास, खोलीतील हवा, पायाखालची फरशी आणि वरिष्ठाने मागितलेला नगांचा आकडा यांची चौकशी व्हावी, एवढीच आमची मागणी असते. ती बंदुकीच्या बाबतीत जशी शास्त्रीय आहे तशीच माणसाच्या बाबतीतही शास्त्रीय आहे.

श्रोतेहो, बंदूक ही वस्तू आम्हांला प्रिय आहे असे नव्हे. ती जितकी कमी वाजेल तितके बरे, असेच आमचे मत आहे. परंतु तिच्या या लहानशा दुखण्यात विचार करण्याची एक रीत दडलेली आहे. कड पाहा, खूण ताडून पाहा, स्वस्त कारण आधी तपासा, महाग कारण मागाहून. आणि ज्याच्या हातात हत्यार होते त्याला आधी विचारा, शिक्षा त्याला आधी देऊ नका. फुसके काडतूस खोटे बोलत नाही. त्याच्या कडेवर काय घडले ते लिहिलेले असते. वाचण्याची तसदी मात्र कोणीतरी घ्यावी लागते, आणि ती घेण्यास लागतो तो वेळ बहुधा अर्ध्या मिनिटाहून थोडाच अधिक असतो.